अजून शिकत आहे

"शिकाऊ? म्हणजे कोण, मी?"

"मी नाही म्हणत ताई, पत्र म्हणतंय. तुमच्या मास्तरांनी लिहिलं ते मी तिकडच्या भाषेत उतरवलं. ‘एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली आहे, अजून शिकत आहे.’ आता अजून शिकतंय त्याला शिकाऊ नाही म्हणायचं तर काय जावई म्हणायचं?"

"जावई काय म्हणतोस मेल्या! माझ्या केसांत पांढरे आले."

"म्हणून तर त्यांना प्रश्न पडला. एकोणीस वर्षं शिकून जिला येईना, तिला विमानात बसवून आणायचं कशाला?"

बाईनं कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. अक्षर परक्या भाषेतलं, पण खालचा लाल शिक्का कुठल्याही भाषेत लालच दिसतो. अर्जवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची सांदी. एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, फोटोसाठी मागं निळा पडदा, आणि उरेल त्यात गिऱ्हाइकानं अंग चोरून बसायचं. परदेशी कामाला गेलेली निम्मी गल्ली ह्याच पडद्यापुढं बसून, न हसता फोटो काढून गेलेली.

"नीट ऐका," अर्जवाला म्हणाला. "तिकडच्या त्या शिंप्याच्या दुकानाला पाहिजे कापड कापणारा माणूस. कमीत कमी तीन वर्षं स्वतःच्या हातानं कापलेलं असलं पाहिजे. तसं मास्तरांकडून लिहून आणा. पंधरा दिवसांची मुदत आहे. ती उलटली की व्हिसाचा अर्ज बंद, आणि जागा दुसऱ्याला."

"तीन कशाला, चार वर्षं..." म्हणता म्हणता बाईनं जीभ चावली.

"चार वर्षं काय?"

"काही नाही. आण तो कागद."

बाईला सगळे टाचणी म्हणायचे. खरं नाव पासपोर्टावर छापून आलं तेव्हा कुठं गल्लीला कळलं, की हिला तेही आहे. टाचणी हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. आली तेव्हा होतीच तशी, अंगानं काडी आणि वर डोकं तेवढं ठसठशीत. शिवाय तोंडात कायम टाचण्या. ट्रायलच्या वेळी गिऱ्हाइकाच्या अंगावर कच्चा कोट चढवला की मास्तर बोटानं दाखवायचे आणि ही ओठांतली एकेक टाचणी काढून तिथं खोचायची. तोंडात आठ-दहा टाचण्या धरलेला माणूस बोलत नाही. आणि न बोलण्याची एकदा सवय जडली की टाचण्या नसल्या तरी बोलत नाही.

अर्जवाल्याकडून दुकानापर्यंत चालत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत टाचणीच्या डोळ्यांपुढं एकोणीस वर्षं येऊन गेली.

दुकानात तिला आणलं ते काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं. मास्तर कोट-पँट शिवायचे आणि काकू मागं बसून काज-बटण करायच्या. मग काकूंचे डोळे अधू झाले. भाजीच्या दुकानात एकदा टाचणी कडेवर पोर घेऊन उभी होती. काकूंनी पोरीच्या झबल्याचं काज हातात धरलं, बोट फिरवून पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"वाईट आहे. उद्यापासून ये."

झाली नोकरी. ना अर्ज, ना फोटो, ना शिक्का.

पहिले सहा महिने टाचणीनं एकच काज केलं म्हटलं तरी चालेल, चिंधी तेवढी बदलायची. केलं की काकू त्यात बटण ओवून बघणार आणि मान हलवणार. "बटणानं काजात घरच्यासारखं जावं. पाहुण्यासारखं दारात अडू नये नि चोरासारखं घुसू नये." तोवर पोरगी टेबलाखाली कातरणांच्या टोपलीत झोपलेली. मऊ लोकरी तुकडे, अस्तराचे गुळगुळीत तुकडे, त्यात रुतलेलं पोरीचं तोंड. घरी नेली की अंगाला इस्त्रीच्या वाफेचा आणि खडूचा वास यायचा. सासूबाई तिला झटकून घ्यायच्या, आणि म्हणायच्या, "ही पोर आहे का पार्सल?" ती पोर आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

दुकानात पुढं कापायचं टेबल. माणूस ऐसपैस झोपेल एवढं, वर्षानुवर्षं कापड सरकून काचेसारखं झालेलं. मापासाठी त्याच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली. पट्टीवरचे बारा ते बेचाळीसचे आकडे पुसलेले, कारण माणसाचं अंग बहुतेक तेवढ्यातच मावतं. टेबलामागं भिंतीला खिळा, आणि खिळ्याला मास्तरांची कात्री. काळी, जड, दीड वीत लांब, त्यांच्या मास्तरांनी दिलेली.

त्या कात्रीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. धारवाला आला तरी तो धार लावीपर्यंत मास्तर त्याच्यापुढं उकिडवे बसून राहणार. बाकी काज करा, अस्तर लावा, बाही चढवा, इस्त्री करा, पण कापायचं मास्तरांनीच. चार माणसांत मास्तर ज्याला "काप" म्हणतील तो कारागीर. तोवर सगळे शिकणारे. आणि एका दुकानात कापणारा एकच, दोन नाहीत. ज्याला "काप" म्हटलं त्यानं गाशा गुंडाळायचा आणि स्वतःचं बघायचं. मास्तर स्वतः सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली शिकत होते. ज्या दिवशी त्यांना "काप" म्हटलं गेलं, त्याच महिन्यात ते तिथून उठले.

उठले तरी शिकणं काही संपलं नाही. गिऱ्हाईक आरशापुढं उभं राहून म्हणायचं, "मास्तर, काय कोट केलाय!" मास्तर खडू कानामागं लावत म्हणायचे, "शिकतोय अजून." त्यांच्या मास्तरांनी तर कमालच केली होती. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी विचारलं, बाबा, काम काय करता? म्हातारा म्हणाला, "शिवण शिकतो." वय एक्क्याऐंशी.

तेव्हा "अजून शिकत आहे" हे मास्तरांनी मनापासून लिहिलेलं. त्यांच्या लेखी ती शाबासकी होती. ज्याचा हात वाईट त्याला ते म्हणायचे, "ह्याचं शिकून झालं."

आता हे व्हिसाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला कुणी समजवायचं?

आणि एवढंच असतं तर बरं होतं. खरी गाठ दुसरीकडंच होती.

पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर वर्षभरात मास्तरांचा उजवा हात हलायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग खडूही हलायला लागला. एकदा एक चौकडीचं कापड आलं, भारीपैकी. चौकडीचं कापड म्हणजे कटकट. पाठीची चौकट बाहीच्या चौकटीला जुळली पाहिजे, नाहीतर माणूस मोडक्या खिडकीसारखा दिसतो. मास्तरांनी आखलं आणि कात्री उचलली. तिचं टोक टेबलावर टकटक वाजायला लागलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा टकटक. मागं टाचणी बाहीला अस्तर लावत होती. तिनं मान वर केली नाही.

घड्याळात चार वाजले होते.

"मी चहा पिऊन येतो," मास्तर म्हणाले. कामाच्या वेळेत दुकान सोडून हा माणूस कधी चहाला गेला नव्हता. दारात थांबून पाठमोरेच म्हणाले, "दार लोटून घे. धूळ येते."

टाचणीनं दार लोटलं आणि वळून पाहिलं. कात्री टेबलावरच होती, मूठ तिच्याकडं करून ठेवलेली.

असं नव्हे की तिला कापता येत नव्हतं. बारा वर्षं ती घरी जुनी वर्तमानपत्रं कापत होती. मास्तर काय आखतात ते डोळ्यांत साठवून न्यायची आणि रोज दुपारचं जेवण झालं की सुट्टीच्या तासाभरात कागदावर उतरवायची. सासूबाई चष्मा लावून पेपर उघडायच्या, तर मधोमध मुंढ्याचं भोक. "अगं, ह्यातला माणूस मेला का जगला ते तरी कळू दे! निम्मी बातमी तुझ्या बाहीत गेली."

तरी त्या दिवशी तिनं आधी रेघ नीट पाहिली. मास्तरांची खडूची रेघ लहरी झाली होती, उंदीर पळाल्यासारखी. टाचणीनं कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवलं आणि रेघेवरून नाही, रेघेला जिथून जायचं होतं तिथून कापलं. अर्ध्या तासानं मास्तर आले. चौकड्या पाहिल्या, शिलाईसाठी सोडलेली माया बोटानं मोजली. कात्री खिळ्याला लावली.

"बटणं आणलीस का?"

"आणलीत."

एवढंच. पण त्या दिवसापासून मास्तरांचा चारचा चहा सुरू झाला. रोज चारला ते उठणार, "धूळ येते" म्हणणार, ही दार लोटणार. साडेचारला येतील तेव्हा दिवसभर आखलेलं सगळं कापून झालेलं. चार वर्षं. दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गल्ली म्हणायची, म्हातारपणी चहाचं व्यसन लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर हलणारी. ती झाकायला टाचणीच बरी होती.

मूठ उघडायची वेळ आली ती एका कोटामुळं. जुनं एक गिऱ्हाईक थंडीच्या देशात नोकरीला होतं. तिथं त्याच्या कोटाचं अस्तर उसवलं, म्हणून त्यानं तो तिथल्या एका शिंप्याच्या दुकानात नेला. त्या मालकानं कोट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, खांद्याशी बोट घालून पाहिलं, आणि विचारलं, हा कापला कुणी? मग त्यानं पत्रच धाडलं. हा कोट ज्यानं कापला त्याला आमच्याकडं जागा आहे. खाली गिऱ्हाइकानं त्याचा अर्थ आपल्या भाषेत लिहून दिला होता.

पत्रावर पत्ता दुकानाचा. मास्तरांनी ते वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवलं. चार दिवस तिथंच होतं. पाचव्या दिवशी टाचणीनं टाचण्यांचा पत्र्याचा डबा उघडला तर वर ती घडी.

"डब्यात काहीतरी आहे बघ," मास्तर मशीनवर खाली मान घालून म्हणाले. "नवऱ्याला विचार."

नवरा शाळेची गाडी चालवायचा. सकाळ-दुपार चाळीस पोरांचा गोंगाट ऐकून घरी आला की त्याला बोलायची हौस नसे. पत्र दोनदा वाचून म्हणाला, "जा. दोन वर्षं म्हणजे काय, पोरं पहिलीतून तिसरीत जातात." सासूबाईंनी मात्र तोंडसुख घेतलं. "एवढ्या लांब जाऊन कपडेच शिवायचे? इथले लोक काय नागडे फिरतात?" पण दुसऱ्याच दिवशी शेजारणीला स्वतःच सांगत होत्या, आमच्या सुनेला तिकडून बोलावणं आलंय, पत्र पाठवून.

टाचणीला जायचं होतं. पैसा मिळणार होता, तो कुणाला नको असतो? पण तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. तिथं तिला दार उघडं ठेवून कापायला मिळणार होतं.

आणि आता ते सगळं मास्तरांच्या एका ओळीवर अडलेलं.

ती दुकानात आली तेव्हा मास्तर एका पँटीची शिलाई उसवत होते. तिनं लाल शिक्क्याचा कागद पुढं ठेवला आणि अर्जवाल्यानं सांगितलेलं सांगितलं.

"मग? मी खोटं लिहिलं का?" मास्तर म्हणाले. "मी बहात्तर वर्षांचा आहे. मीही शिकतोय."

"त्यांना तसं कळत नाही, मास्तर."

"मग न कळणाऱ्यांच्या देशात जातेस कशाला?"

"तीन वर्षं कापल्याचं लिहून मागतायत."

मास्तरांचा हात थांबला, म्हणजे जेवढा थांबायचा तेवढा. चार वर्षांत जो शब्द निघाला नव्हता तो दोघांच्या मध्ये टेबलावर येऊन बसला होता. मास्तरांनी तो पाहिला आणि मान फिरवली.

"ह्या दुकानात कापणारा एकच आहे," ते म्हणाले. "दोन असल्याचं मी कसं लिहू?"

टाचणीनं लाल शिक्क्याचा कागद उचलला. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी नाही बोलली.

दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अर्जवाल्यानं तोड सुचवली. दुसऱ्या एका दुकानाचे कोरे छापील कागद त्याच्याकडं होते, शिक्क्यासकट. "नाव घालतो तुमचं. कोण बघायला येतंय?"

"म्हणजे हात काकूंचा नि नाव परक्याचं? पोर एकाचं आणि बाप दुसराच लावायचा?"

"ताई, मुदत..."

"तुझं मशीन सांभाळ तू."

घरात सासूबाई बोटं मोजायच्या. "दहा उरले... नऊ उरले. तो म्हातारा काय, तूही काय! दोघं ताकाला जाऊन भांडं लपवताय. सरळ तोंड उघडून माग की." सासूबाईंना कापण्याचं ठाऊक होतं. ज्यांच्या पेपरला भोकं पडतात त्यांच्यापासून काय लपणार?

"कसं मागू, आई? ते लिहायचं म्हणजे त्यांचा हात गेल्याचं लिहायचं. ज्यांनी हात दिला त्यांचाच."

"मग बस. आणि काज कर."

अकराव्या दिवशी मास्तर चारला उठले. "धूळ येते," म्हणाले. टाचणीनं दार लोटलं. टेबलावर एका करड्या कापडाची आखणी, शेजारी कात्री, मूठ तिच्याकडं.

ती स्टुलावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

तो अर्धा तास तिला चार वर्षांएवढा गेला. काकूंची जागा समोर, कोपऱ्यात. तिथली उशी अजून तशीच होती, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या? म्हणाल्या असत्या, वाईट आहे, उद्या ये.

साडेचारला मास्तर आले. कापड जसंच्या तसं. त्यांनी टाचणीकडं पाहिलं नाही, तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मास्तरांनी कात्री उचलली. टकटक, टकटक. टोक कापडाला लागायच्या आत त्यांनी ती मागं घेतली आणि खिळ्याला अडकवली. तेही दोनदा चुकून तिसऱ्या वेळी अडकली.

"उद्या वकीलसाहेब येणार आहेत," एवढंच म्हणाले.

वकीलसाहेब म्हणजे दुकानातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कजाग गिऱ्हाईक. तीस वर्षं सगळे काळे कोट इथलेच. येताना स्वतःचं कापड आणणार, खुर्ची स्वतः पुसून बसणार आणि दर वेळी बजावणार, "मास्तर, माझ्या कापडाला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये." दुसऱ्या दिवशी दुपारी आले, बसले आणि तेच म्हणाले.

मास्तरांनी माप घेतलं, टाचणीनं लिहून घेतलं. कापड पसरलं. मास्तर आखायला लागले. आज खडू जरा जास्तच हलत होता. रेघ मानेपाशी उठली, खांद्यावरून घसरली, मुंढ्यापाशी तिनं नको तिथं वळण घेतलं. वकीलसाहेब खुर्चीतून पुढं झुकले.

"हे काय, मास्तर? माझा खांदा असा आहे?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. चारला पाच कमी होते. टाचणी सवयीनं दाराकडं निघाली होती.

"दार राहू दे," मास्तर म्हणाले. "उघडंच राहू दे."

त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली. आज पहिल्याच वेळी निघाली. मूठ पुढं करून टेबलावर ठेवली आणि स्वतः काकूंच्या उशीवर जाऊन बसले.

"काप."

टाचणीच्या हातून इंचटेप निसटून खाली पडली.

"काय म्हणता, मास्तर?" वकीलसाहेब उभे राहिले. "ही कापणार? माझं कापड?"

"बसा साहेब. अंगात घातलाय तो कोट कुणाचा?"

"तुमचा. गेल्या हिवाळ्यातला."

"तिचा. त्याआधीचाही तिचा. मी आखतो आणि चहाला जातो. माझा हात चार वर्षांपूर्वीच गेला. बघायचाय?" मास्तरांनी उजवा हात पुढं केला. हात आपला डुलत होता, वाऱ्यातल्या पानासारखा. "एवढ्या हातानं मी तुमचा खांदा कापला असता तर तुम्ही कोर्टात एक हात वर करूनच उभे राहिला असता."

वकीलसाहेबांनी अंगावरच्या कोटाची बाही पाहिली. खांदा वर-खाली केला, दोनदा. मग खाली बसले.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, चार वर्षांत काखेत टोचलं कसं नाही. त्याआधी सव्वीस वर्षं टोचत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बोलायची कुणाची छाती होती?"

टाचणीला हसू आवरेना, म्हणून तिनं डब्यातल्या चार टाचण्या ओठांत धरल्या आणि कात्री उचलली. खालचं पातं टेकवलं. दारातून उजेड येत होता, गल्लीतून माणसं जात-येत होती. एक जण थांबून बघत राहिला. ती कापत गेली, रेघेला जिथून जायचं होतं तिथून. कापडाचा तो जाड, संथ कर्र आवाज तिनं चार वर्षं बंद दाराआड ऐकला होता. उघड्या दारात तो जरा मोठा वाटला, एवढंच.

कापून झाल्यावर मास्तर म्हणाले, "आता कागद घे. मी सांगतो ते लिही. नको, तू नको. स्वतःबद्दलचं स्वतः लिहू नये. साहेब, तुम्ही लिहा."

"मी? मी काय कारकून आहे?"

"कोटाची शिलाई घेणार नाही."

वकीलसाहेबांनी पेन काढलं. मास्तर सांगत गेले. ही बाई एकोणीस वर्षं माझ्याकडं आहे. काज माझ्या बायकोनं शिकवलं. गेली चार वर्षं ह्या दुकानातलं प्रत्येक कापड हिनंच कापलं, कारण माझा हात कामातून गेला आहे. तुमच्याकडं आलेला कोट हिचाच. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खाली लिहा, अजून शिकत आहे."

"मास्तर!" टाचणीनं टाचण्या तोंडातून काढल्या.

"ते मी लिहिणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. "तीस वर्षं कोर्टात आहे मी. अशिलाचं नुकसान करणारं वाक्य कागदावर येऊ देत नाही."

मास्तर कुरकुरले, पण सोडून दिलं. सही करताना पेन नाचलं आणि अक्षरं चार दिशांना पळाली. वकीलसाहेब म्हणाले, पुन्हा करा. मास्तर म्हणाले, "राहू दे. पहिल्या पत्रावर अशीच आहे. सरळ आली तर खोटी वाटेल." साक्षीदार म्हणून वकीलसाहेबांनी खाली स्वतःची लफ्फेदार सही ठोकली. तेराव्या दिवशी कागद अर्जवाल्याच्या मशीनमधून पुढं गेला.

तीन आठवड्यांनी अर्जवाला स्वतः दुकानात आला. कधी जिन्याखालून न निघणारा माणूस, उन्हात डोळे मिचकावत दारात उभा. "ताई, शिक्का आला. ह्या वेळी निळा."

टाचणी सातवीतल्या कुणाच्या तरी शाळेच्या कोटाला काजं करत होती. तिनं टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग कागद घेतला. मास्तरांनी मशीन थांबवलं नाही.

"कधी निघायचं?"

"पुढच्या महिन्याच्या शेवटाला."

"म्हणजे शाळेचे कोट होतील."

"होतील."

"त्यानंतर मी नवीन धरणार नाही. पँटीचे पायचे दुमडायचे, चेन बदलायच्या. मशीन सरळ चालतं, हात हलला तरी." त्यांनी कापड पुढं ढकललं. "तिकडं त्या मालकाला म्हणावं, खांद्याला माया थोडी जास्त सोडत जा. थंडीच्या देशात माणसं आतून दोन-दोन कपडे घालतात."

"सांगते."

"आणि विचारलंच तर सांग, शिकतेय."

"मास्तर, पुन्हा शिकाऊ म्हणून परत धाडतील."

"मग नको सांगूस."

घड्याळात चार झाले. मास्तर उठले, चपला पायात सरकवल्या आणि दाराकडं निघाले.

"आता कशाला जाताय?" टाचणीनं विचारलं. "आता तर सगळ्या गल्लीला ठाऊक झालंय."

"चहा प्यायला जातोय. चार वर्षांत खरंच सवय लागली, बाई."

ते गेले. टाचणीनं दार लोटलं नाही. धूळ यायची ती येतच होती. तिनं निळ्या शिक्क्याचा कागद टाचण्यांच्या डब्यात ठेवला, टेबलावर शाळेचं निळं कापड पसरलं, चार घड्या सारख्या करून वर लोखंडी ठोकळा ठेवला. मास्तरांची रेघ खांद्यापाशी पुन्हा घसरली होती. तिनं ती नखानं जरा वर घेतली आणि खिळ्यावरची कात्री काढली.